तिसरा मजला, डावीकडे

बसा रे. भिंतीपासून जरा लांब बसा. हां, असे मधे. धक्का येऊन अजून अर्धा तास झाला नाही, लगेच वर जायची घाई कशाला? कधीकधी मागून दुसरा येतो. विसरलेली छत्री न्यायला पाहुणा परत येतो ना, तसा.

लाईट काही एवढ्यात येत नाही. तो फोनचा उजेड बंद कर बाळा, डोळ्यांवर येतो. भुताची गोष्ट हवी म्हणता? मला रचून सांगता येत नाही. शाळेत गेलो असतो तर आलं असतं कदाचित. मी आपलं झालेलं सांगतो, भूत होतं की नव्हतं ते तुमचं तुम्ही ठरवा.

काय म्हणालीस ठमे? खरी आहे का? अगं, खोटी असती तर मी इथं लेकीकडे राहायला आलो असतो का? म्हातारा माणूस जावयाच्या घरी हौसेनं राहत नाही. तुझा बाप चांगला आहे, पण घोरतो किती!

तर ऐका.

नदीपलीकडे आमची चार मजली इमारत. प्रत्येक मजल्यावर दोन दारं, एक उजवीकडे, एक डावीकडे. तळाला आम्ही दोघं, मी आणि म्हातारी; तळाला आणि चौथ्यावर एकेकच बिऱ्हाड. मोठा भूकंप झाला तेव्हा तुम्ही कोणी पाळण्यात होतात, कोणी पोटात. आमची इमारत पडली नाही. पडली असती तर एका परीनं बरं झालं असतं, कारण उभी राहिली म्हणून माणसं तिच्यात परत राहायला गेली. त्याआधी दोन वर्षं आम्ही सगळे मैदानावर तंबूत होतो. तुमची ती तंबूतली शाळा, तिथूनच सुरू झालेली.

त्या तंबूतल्या पोरांनी एक पद्धत पाडली. रात्री धक्का आला की पोरं अंधारातच ओरडायची. एका तंबूतून, 'आम्ही चार!' पुढच्यातून, 'आम्ही दोन आणि आजी!' खेळच होता त्यांचा. मोठी माणसं आधी खेकसायची, 'झोपा रे माकडांनो.' मग एका रात्री एका तंबूतून आवाज आला नाही. पोरं गप्प बसेनात. जाऊन बघितलं तर तंबूचा खांब आतल्या म्हाताऱ्याच्या गळ्यावर आडवा. वाचला तो. तेव्हापासून मोठेही ओरडायला लागले.

इमारतीत परतल्यावर तीच पद्धत जिन्यावर आली. धक्का थांबला की मी खालून सुरुवात करायची, 'तळमजला, दोघं!' मग पहिला मजला, दुसरा, असं वरपर्यंत. एखाद्या दारातून उत्तर आलं नाही तर कोणी झोपायचं नाही. पहार घ्यायची, बॅटरी घ्यायची, वर जायचं, दार उघडायचं. आणि घरात कोणी नसलं तर समोरच्यानं त्यांच्या वतीनं सांगायचं. 'रिकामं!' किंवा 'गावाला गेलेत!' म्हणजे बाकीचे बिनघोर.

इथं तुमच्याकडे नाही ही पद्धत. चांगलंय... नाही तेच चांगलंय.

तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे एक पोरगा राहायचा, त्याला सगळे रंध्या म्हणायचे. सुतार. बाप भूकंपात गेला, आई पुढं तीन-चार वर्षांत झुरून गेली. पोरगा स्वतःच्या हिमतीवर मोठा झाला. त्याला काम काय, तर दारं तासायची. तुम्हाला माहीतच आहे, आपल्या गावात एक चौकट सरळ नाही. प्रत्येक धक्क्याला भिंत इकडची तिकडे होते आणि दार अडतं. मग बोलवा रंध्याला. तो रंधा घेऊन यायचा, कड तासायचा, दार फिरवून बघायचा आणि म्हणायचा, 'झालं. पुढच्या धक्क्यापर्यंत गॅरंटी.' हसायचा. दात मोठे होते त्याचे, छान दिसायचे.

समोर, म्हणजे डावीकडे, एक मुलगी. नर्स. तिला आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो, तिचा स्वतःचा बापसुद्धा. आई नव्हती. बाप थोरल्या मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेला, ही नोकरीसाठी इथंच राहिली. रंध्या, ती आणि बाटली नावाचा एक तिसरा, ही तिघं एकाच तंबूच्या शाळेतली. बाटलीच्या बुडासारखा चष्मा म्हणून बाटली. जिन्यावर बसून तिघं काय गप्पा मारायची! कुठल्या गावाला जायचं, जिथं जमीन गप्प झोपते. बाटली खरंच गेला. फर्निचरच्या कारखान्यात लागला. आपल्याकडे पोरं वयात आली की बसस्टँडवर जाऊन उभी राहतात. जी राहतात ती मोठी होत नाहीत रे, जुनी होतात.

आता नीट ऐका.

सिस्टरची रात्रपाळी असायची. ती संध्याकाळी निघायची, सकाळी यायची. रात्री धक्का आला की जिन्यावर हाक वर चढायची आणि तिसऱ्या मजल्यावरून रंध्याचा आवाज यायचा, 'उजवीकडे, एक! डावीकडे, ड्युटीवर!' इतक्या वेळा ऐकलेलं की ते एकच वाक्य झालं होतं.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तिला एक दिवस ताप आला. तिनं दवाखान्यात कळवलं, गोळी घेतली आणि दुपारीच झोपली. रंध्या कामावर होता, त्याला काय ठाऊक? रात्री धक्का आला. मोठा नव्हता, भांडी पडायच्या बेताचा. मी ओरडलो, 'तळमजला, दोघं.' पहिल्यानं सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं. आणि वरून आलं, 'उजवीकडे, एक! डावीकडे, ड्युटीवर!' चौथ्यानं सांगितलं, 'तिघं.' आम्ही झोपलो.

तिच्या खोलीत माळ्याची फरशी खाली आली होती. पाठीत लागली. ती सरपटत दारापर्यंत आली होती... पण दार अडलेलं. महिनाभर ती रंध्याला म्हणत होती, 'अरे, जगाची दारं तासतोस, माझं कधी?' समोरच्याचं काम, आज नाही उद्या, असंच होतं ना आपलं. सकाळी तिच्या मैत्रिणी चौकशीला आल्या तेव्हा पहारीनं दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जिवंत होती. दाराच्या खालच्या फळीवर नखांचे...

असो.

रंध्याला कोणी बोल लावला नाही. एक शब्द नाही. तिचा बाप आला, त्यानं उलट त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ते जास्त वाईट झालं. शिव्या घातल्या असत्या तर पोराला धरायला काही मिळालं असतं.

मग त्यानं काय करावं? ती खोली तिच्या सामानासकट तशीच पडून, भाडेकरू येईना. यानं एक दिवस तिचं दार तासलं. कड अशी तासली की बोटभर फट राहिली, चारही बाजूंनी. आतला उजेड जिन्यावर दिसावा एवढी. मी म्हटलं, 'अरे, दार केलंस की जाळी?' तो म्हणाला, 'काका, हे दार आता जग उलटं झालं तरी अडणार नाही.' सुतार होता तो. लाकडाच्या बाबतीत त्याचा शब्द म्हणजे शब्द.

नंतर नंतर त्याचं काम सुटलं. धक्का आला की हाका द्यायच्या सोडून हा प्रत्येक दारावर जाऊन आत माणसं मोजायचा. लोक कंटाळले. बाटली तिकडून फोन करत राहिला, 'ये रे, मालकाशी बोललोय, जागा धरून ठेवलीय, किती दिवस धरू?' शेवटी म्हातारीनं त्याला आमच्याकडे जेवायला बसवून सांगितलं, 'बाळा, जा. इथं राहिलास तर तू पण भिंतीसारखा होशील.' आणि तो तयार झाला! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एक पोरगा तरी सुटेल.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता. बुधवारी पहाटे पाचची बस. सिस्टरच्या बापाचा निरोप आलेला, की वाटेत आमचं गाव लागतं, तर तिचं पांघरूण तेवढं घेऊन ये. बाकी काही नको. म्हाताऱ्याला थंडी वाजत होती म्हणे, आणि लेकीच्या पांघरुणाशिवाय दुसरं अंगाला लागत नव्हतं.

आता रंध्यानं त्या खोलीत, तिला बाहेर काढलं त्या दिवसानंतर पाय ठेवलेला नव्हता. दार तासलं तेही बाहेर जिन्यावर काढून. हे काम तो ढकलत ढकलत शेवटच्या रात्रीवर घेऊन आला. आमच्याकडे जेवला. दहा वाजून गेलेले. म्हातारी म्हणाली, 'सकाळी उजाडल्यावर घे की.' तो म्हणाला, 'मावशी, पाचला कुठलं उजाडतंय?' मी त्याला माझी बॅटरी दिली. आमचा जिना दिवसासुद्धा काळोखाचा. 'झोपायच्या आधी बॅटरी देऊन जातो,' म्हणाला.

वर गेल्याचा आवाज मी ऐकला. पुढचं, तो मला दवाखान्यात म्हणाला तसं सांगतो. मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

आधी त्यानं स्वतःची खोली बघितली. पिशवी भरून खाटेवर ठेवलेली. फोन चार्जिंगला लावला. कुलूप घातलं, किल्ली खिशात. मग समोरचं दार ढकललं. दार हलकं उघडलं. बोटभर फट ना.

आत सगळं तसंच होतं. खुंटीवर तिचा पांढरा ड्रेस. खाटेखाली चपला, जोडीनं. खाटेवर पांघरूण, अर्धं बाजूला सारलेलं, माणूस उठून गेल्यासारखं. त्यानं पाय न वाजवता जाऊन ते उचललं.

ऊबदार होतं.

...

नाही रे. उन्हानं कसलं? रात्रीचे दहा. वर्षभराची बंद खोली. तो म्हणाला, 'काका, आपण अंथरुणातून उठतो ना, आणि लगेच परत हात लावतो, तसं.'

तो तिथंच उभा राहिला. पांघरूण हातात. टाकवेना आणि घेववेना.

मग खालून तो आवाज आला. ट्रक येतोय असा. तुम्हाला तो आवाज सांगायला नको. जमीन हलली. बॅटरी हातातून पडली. माळ्याची उरलेली फरशी होती ना... ती आली खाली. उजव्या हातावर. मनगटापासून पुढं सगळं खाली दबलं. तोंडात धूळ, नाकात धूळ. आणि दार...

दार बंद झालं.

आपटलं नाही. हळू बंद झालं. घरात कोणी झोपलं असेल तर आपण लावतो, तसं.

धक्का थांबला. त्याला ओरडायचं होतं. घशातून नुसती हवा. धुळीनं घसा बसलेला. पण तो घाबरला नाही. खरंच नाही घाबरला. त्यानं विचार केला, आता हाका सुरू होतील. माझ्या खोलीला कुलूप आहे. उजवीकडून उत्तर येणार नाही. उत्तर आलं नाही की सगळे पहार घेऊन वर येतील. त्याची सारी हयात त्या पद्धतीत गेलेली. तिनं लोक वाचतात हे त्यानं लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं.

खालून माझा आवाज आला.

'तळमजला, दोघं!'

पहिला मजला. 'चौघं!' डावीकडे, 'रिकामं!'

दुसरा मजला. 'दोघं!' डावीकडे, 'तिघं!'

मग थोडं थांबलं. तो कान देऊन पडलेला. गप्प राहा, म्हणत होता मनात. कोणी काही बोलू नका. गप्प राहा.

आणि समोरून, त्याच्या कुलूप लावलेल्या खोलीतून, त्याच्याच आवाजात आलं...

'उजवीकडे, एक!'

...

'डावीकडे, ड्युटीवर!'

...

चौथ्या मजल्यानं सांगितलं, 'तिघं.' हाक संपली.

पोरांनो, ते मी ऐकलं. या कानांनी. मी खाली दारात उभा होतो. आवाज रंध्याचाच. जरासुद्धा वेगळा नाही. मी म्हातारीला म्हणालोसुद्धा, 'बघ, पोरगा आज परत तेच म्हणाला. जिभेला वळण पडलंय.' ती म्हणाली, 'जाऊ दे, उद्या जातोय.' मी कडी लावली. आडवा झालो. मला झोप लागली. चांगली लागली.

वर तो एक एक कडी ऐकत होता. पहिल्या मजल्याची. दुसऱ्याची. चौथ्याची. मग पाण्याचा नळ कुठंतरी. मग काही नाही.

काय विचारलंस? आत कोणी दिसलं का त्याला?

नाही.

मीही विचारलं होतं. कोणी दिसलं नाही, कोणी बोललं नाही, कोणी जवळ आलं नाही. रात्रभर कोणी म्हणजे कोणी आलं नाही. घसा सुटल्यावर तो ओरडला. पुष्कळ ओरडला. चौथ्या मजल्यावरची बाई शपथेवर सांगते, मी जागी होते, मला काही ऐकू आलं नाही. डाव्या हातानं त्यानं ते पांघरूण ओढून अंगावर घेतलं. थंडी होती ना. तो म्हणाला, 'काका, ते सकाळपर्यंत ऊबदारच राहिलं. त्याच्यामुळं मेलो नाही मी.'

आता ते चांगलं म्हणायचं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

पाचची बस गेली. मला साडेसहाला जाग आली. बॅटरी परत दिली नाही, निरोपही घेतला नाही, म्हटलं गेला असेल अंधारातच. थोडं वाईट वाटलं. पण बरंही वाटलं. सुटला एकदाचा. मी चहा घेतला. उन्हात बसलो. लोकांना सांगितलंसुद्धा, 'गेला आमचा रंध्या.'

दुपारी चौथ्या मजल्यावरची बाई खाली उतरत होती. तिला तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दाराच्या फटीतून उजेड दिसला. माझ्या बॅटरीचा, अगदी मंद झालेला. तिनं कोपरानं दार ढकललं. दोन्ही हातांत बादल्या होत्या तिच्या. दार उघडलं. अडलेलं नव्हतंच.

त्याचा उजवा हात कापावा लागला.

बाटली आला होता भेटायला. बसला, रडला, चष्मा पुसला. जाताना मला जिन्यात म्हणाला, 'काका, मालक म्हणतो, एका हाताच्या सुताराला काय काम देऊ?' त्याची तरी काय चूक. रंध्या त्याच इमारतीत परत आला. कुठं जाणार? तिथंच आहे अजून. त्याच खोलीत. बाकी दारं एकेक करून रिकामी झाली, आम्ही दोघंही इकडे आलो. मी म्हटलं होतं, चल आमच्याबरोबर. तो म्हणाला, 'मी आलो तर वर उत्तर कोण देईल?'

पांघरूण? ते केलं पोहोचतं. मीच नेऊन दिलं तिच्या बापाला. त्यानं नाकाला लावलं आणि आत गेला. बाहेर आला नाही.

झाली गोष्ट. उठा आता, थंडी पडायला लागली.

...

थांबा. एक राहिलं. हे मी त्याला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही.

त्याला दवाखान्यात नेलं त्या दिवशी संध्याकाळी मला त्याचे कपडे आणायला पाठवलं. त्याच्या खिशातली किल्ली घेऊन मी वर गेलो. कुलूप बाहेरून होतं, नीट लावलेलं. मी स्वतः उघडलं. आत छताचा गिलावा सुटून सगळीकडे पांढरी धूळ पडलेली. पिठासारखी. खाटेवर, पिशवीवर, फोनवर. सारखी, सगळीकडे. फरशीवर बोटभर थर. कोणी चाललेलं नाही. मांजराचंसुद्धा पाऊल नाही.

फक्त दाराच्या आत, उंबऱ्याला लागून...

दोन पावलं. उमटलेली नाहीत. उलट. तेवढ्या दोन जागांवर धूळच नव्हती. फरशी स्वच्छ, काळीभोर. जवळजवळ ठेवलेली. बोटं दाराकडे. लहान होती. माझ्या वितीएवढी.

धूळ खाली येत होती तेव्हा तिथं कोणी उभं असल्यासारखी.

मी दार लावून घेतलं. कपडे घ्यायचे होते, घेतले. मग कोपऱ्यातला झाडू काढला. पोरगा परत येईल आणि बघेल, असं मला नको होतं. सगळी खोली झाडली. खाटेखालून, भिंतीच्या कडेनं, दारापर्यंत.

त्या दोन जागा तेवढ्या झाडाव्या लागल्या नाहीत.